अरुंद वाटेतला प्रवाह : हृदयधमनी, कॅथेटर आणि संगणक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



 मी डॉक्टर नाही. नळ्यांमधून वाहणाऱ्या द्रवांचे गणित शिकवणारा अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. तरीही हृदयविकाराशी निगडित विषयावर बोलण्याचे मी मान्य केले, त्याला कारण आहे. ज्यांच्या नात्यागोत्यात कोणाचीच अँजिओग्राफी झालेली नाही, असे कुटुंब आज शोधावे लागेल. तपासणी चालू असतानाच डॉक्टर बाहेर येतात आणि सांगतात, ‘नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकायचा का?’ बाहेर बसलेल्या मुलाला किंवा पत्नीला काही मिनिटांत होकार अथवा नकार द्यायचा असतो. त्या ‘नव्वद टक्के’ या शब्दांमागे काय दडलेले आहे, ते मोजताना मोजणाऱ्या साधनामुळेच काय फरक पडतो आणि तो ओळखण्यासाठी संगणकाचा उपयोग कसा होतो, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हृदयविकाराचा झटका प्रत्यक्ष आलेला असताना बंद झालेली धमनी तातडीने उघडणे हेच प्राणरक्षक असते; तेथे चर्चेला वेळ नसतो आणि ती करूही नये. माझे विवेचन आहे ते ज्यांना चालताना छातीत दुखते, पण प्रकृती स्थिर आहे, अशा रुग्णांविषयी.

कॅथेटरची वाटचाल

कॅथेटर म्हणजे एक बारीक, लवचीक, पोकळ नळी. ती हृदयापर्यंत नेता येते हे १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने दाखवून दिले, आणि तेही स्वतःच्या शरीरावर. दंडाच्या शिरेतून नळी आत सरकवून तो क्ष-किरण विभागापर्यंत चालत गेला आणि नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचे त्याने छायाचित्रात दाखवले. १९५६ साली त्याला आणखी दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमन्यांत थेट रंजकद्रव्य सोडून त्यांचे चित्र घेतले. आजची अँजिओग्राफी ती हीच.

चित्र दिसू लागल्यावर अडथळा दूर करण्याचा विचार येणे स्वाभाविक होते. १६ सप्टेंबर १९७७ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जागृत माणसाच्या हृदयधमनीत फुगा फुगवून अरुंद जागा रुंद केली. आपण जिला अँजिओप्लास्टी म्हणतो तिचा हा आरंभ. ग्रुंटझिग यांच्या कॅथेटरमध्ये दोन मार्ग होते. एकातून फुगा फुगवायचा, दुसऱ्यातून अडथळ्याच्या पलीकडचा रक्तदाब मोजायचा. अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांतील फरक उपचारापूर्वी किती होता व नंतर किती राहिला, यावरून यशाचे मोजमाप होई. कल्पना उत्तम होती, परंतु तिच्यात एक अडचण होती. ती समजून घेण्यासाठी आपल्याला थोडे प्रवाहाच्या शास्त्राकडे वळावे लागेल.

व्यास निम्मा, रोध सोळापट

एकोणिसाव्या शतकात, १८३८ ते १८४६ या काळात, ज्याँ पॉइजय या फ्रेंच वैद्याने काचेच्या अतिसूक्ष्म नळ्यांमधून द्रव वाहवून अत्यंत काटेकोर प्रयोग केले. रक्ताभिसरण समजून घेणे हा त्याचा हेतू होता. त्याला आढळले, की ठरावीक दाबाखाली नळीतून जाणारा द्रव तिच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलतो. सोप्या भाषेत सांगायचे तर, नळीचा व्यास निम्मा केला की प्रवाहाला होणारा रोध दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो सोळापट होतो. हृदयाच्या मुख्य धमनीचा व्यास साधारण ३ मिलिमीटर असतो. तो चरबी व चुन्याच्या थरांमुळे १.२ मिलिमीटरवर आला, तर तेवढ्या भागाचा रोध सुमारे ३९ पट होतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. रोध इतका वाढूनही अनेकांना वर्षानुवर्षे त्रास का जाणवत नाही? याचे उत्तर शरीराच्या योजनेत आहे. मोठ्या धमनीच्या पुढे असंख्य सूक्ष्म वाहिन्या असतात आणि निरोगी अवस्थेत बहुतेक सर्व रोध त्यांच्यातच असतो. वर अडथळा निर्माण झाला की खालच्या या वाहिन्या सैलावतात आणि एकूण प्रवाह राखतात. पाटाच्या वरच्या अंगाला दरड पडली म्हणून खालच्या शेतकऱ्यांनी आपापल्या बाऱ्या पूर्ण उघडाव्यात, तसे हे आहे. अमेरिकेतील लान्स गूल्ड यांनी १९७४ साली दाखवून दिले, की विश्रांतीच्या अवस्थेतील प्रवाह व्यासाचा अरुंदपणा सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचेतो फारसा घटत नाही. परंतु श्रमाच्या वेळी हवा असणारा अधिकतम प्रवाह मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कमी होऊ लागतो. म्हणूनच बसल्या जागी बरे वाटणाऱ्या गृहस्थांना जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते.

याचा अर्थ असा, की अडथळा किती मोठा दिसतो हा एक प्रश्न आहे आणि तो प्रवाहाला किती अडवतो हा दुसरा. अँजिओग्राफीचे चित्र मुख्यतः पहिल्याचे उत्तर देते. त्यातही टक्केवारीची गंमत पाहा. व्यासाने ७० टक्के अरुंद झालेली वाहिनी क्षेत्रफळाने ९१ टक्के अरुंद झालेली असते. एकाच अडथळ्याला एक जण सत्तर टक्के म्हणेल आणि दुसरा एक्क्याण्णव, आणि दोघेही खरे बोलत असतील! शिवाय अडथळा आखूड आहे की लांब, एकापाठोपाठ दोन आहेत की एक, ती धमनी हृदयाच्या किती स्नायूला रक्त पुरवते, यांपैकी काहीही त्या एका आकड्यात येत नाही.

मोजणारी नळीच वाट अडवते

आता ग्रुंटझिग यांच्या अडचणीकडे वळू. दाब मोजण्यासाठी नळी अरुंद भागातून पलीकडे न्यावी लागते. म्हणजे जी वाट आधीच चिंचोळी झालेली आहे, तीत आपण आणखी एक वस्तू ठेवतो. मग दाबाचा जो फरक मोजला जातो, त्यातला काही रोगाचा असतो आणि काही त्या नळीचाच असतो. रोगाचा वाटा किती आणि साधनाचा किती?

आपणास वाटेल, नळी बारीक असली तर फरकही किरकोळच असणार. येथे आपला अंदाज फसतो. वाहता द्रव ज्या पृष्ठभागाला स्पर्श करतो, त्याला चिकटून स्थिर राहतो, हा प्रवाहशास्त्राचा मूलभूत नियम आहे. नदीचे पाणी काठाशी संथ आणि मध्यधारेत वेगवान असते, तसेच धमनीतही भिंतीलगतचे रक्त जवळजवळ थांबलेले आणि मध्यभागीचे सर्वांत वेगवान असते. मध्यभागी एखादी तार आली, की जेथे वेग सर्वाधिक असायचा नेमका तेथेच तो शून्य होतो. जागा थोडीशी व्यापली जाते, पण ती प्रवाहाच्या मर्मस्थानी असते.

याचे गणित कागदावर करता येते. आज सर्रास वापरली जाणारी मार्गदर्शक तार ०.०१४ इंच, म्हणजे सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीची असते. ती आपल्या १.२ मिलिमीटरच्या अरुंद भागात बरोबर मध्यभागी आहे असे समजू. तिने क्षेत्रफळाची केवळ ९ टक्के जागा घेतलेली असते. परंतु तेवढ्या भागाचा रोध मात्र ३.३ पट होतो. दोन्ही टोकांवरील दाब तोच ठेवला तर प्रवाह ३० टक्क्यांवर येतो. तारेऐवजी अरुंद भागाच्या निम्म्या व्यासाची नळी असेल, तर रोध जवळजवळ आठपट होतो. प्रारंभीच्या काळातील कॅथेटर बरेच जाड होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मोजमापांत साधनाचा वाटा किती मोठा असेल याची कल्पना येईल. फुगा फुगवल्यानंतर वाट रुंद होते आणि त्याच नळीचा उपद्रवही कमी होतो. त्यामुळे उपचारापूर्वीचा आकडा अधिक फुगलेला आणि नंतरचा कमी फुगलेला मिळतो, आणि सुधारणा प्रत्यक्षाहून मोठी भासू शकते.

मात्र हे गणित आदर्श स्थितीचे आहे हेही सांगितले पाहिजे. तार बहुधा मध्यभागी राहत नाही, भिंतीला टेकते. तेथे रक्त मुळातच संथ असल्यामुळे तिचा अडसर कमी होतो. निरोगी, रुंद भागातही तारेमुळे रोध जवळपास दुप्पट होतो. पण तेथील मूळ रोधच नगण्य असल्याने दुप्पट होऊनही तो नगण्यच राहतो. खरी धमनी वळणावळणाची असते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी प्रवाह बदलतो, आणि अरुंद भागातून वेगाने बाहेर पडणारे रक्त पुढे भोवरे निर्माण करते. पुलाच्या कमानीतून पुराचे पाणी बाहेर पडल्यावर जे भोवरे दिसतात, तसेच हे. त्या भोवऱ्यांत खर्ची पडलेली ऊर्जा परत मिळत नाही. इतके सारे घटक एकत्र आले की कागद-पेन्सिलीचे गणित अपुरे पडते आणि संगणकाची गरज भासते.

संगणकातील धमनी

वाहत्या द्रवांची समीकरणे फार जुनी आहेत. फ्रान्सचे नाविए यांनी १८२२ मध्ये आणि इंग्लंडमधील स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती मांडली. न्यूटनचा गतीविषयक नियम वाहत्या द्रवाला लावला की ती मिळतात. ती लिहिणे सोपे आणि सोडवणे अतिशय कठीण. संगणक ती अशी सोडवतो : धमनीच्या पोकळीची आकृती घ्यायची, तिचे लक्षावधी बारीक तुकडे पाडायचे, म्हणजे जणू एक सूक्ष्म जाळी विणायची, आणि प्रत्येक तुकड्यात किती रक्त आले, किती गेले, दाब किती, वेग किती, याचा हिशेब जुळेपर्यंत पुन्हापुन्हा मांडायचा. एखादा चोख मुनीम रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद करीत नाही. संगणकाचे काम त्याच जातीचे आहे.

या गणनेचा मोठा लाभ असा, की संगणकात तीच धमनी दोनदा तपासता येते, एकदा नळीसह आणि एकदा नळीविना. प्रत्यक्ष रुग्णात नळी न घालता तिच्या पलीकडचा दाब थेट मोजता येत नाही. संगणकात नळी काढून टाकणे हे एका आज्ञेचे काम आहे. अमेरिकेतील पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ही संस्था अंतराळयानांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील लॉइड बॅक यांनी १९९४ साली, कॅथेटरमुळे हृदयधमनीतील रोध किती वाढतो याचा अंदाज मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढे रूपक बॅनर्जी आणि बॅक यांच्यासह काही संशोधकांनी १९९९ मध्ये स्पंदणाऱ्या प्रवाहाची संगणकीय गणना करून अँजिओप्लास्टीपूर्वीच्या व नंतरच्या स्थितीत कॅथेटरचा अडसर किती असतो, हे दाखवले. अग्निबाणाच्या नळकांड्यातील वायू आणि माणसाच्या धमनीतील रक्त यांच्यामागे समीकरणे एकाच कुळातील आहेत, याचे हे सुंदर उदाहरण होय.

तारेपासून तारेविना

दरम्यान मोजमापाचे साधनही सुधारत होते. नेदरलंड्समधील निको पायल्स आणि बेल्जियममधील बर्नार्ड डी ब्रुइन यांनी १९९० च्या दशकात एक सुटसुटीत मोजमाप रूढ केले. जाड कॅथेटरऐवजी टोकाजवळ दाबमापक बसवलेली बारीक तार पलीकडे न्यायची, औषधाने सूक्ष्म वाहिन्या पूर्ण सैल करायच्या आणि अडथळ्यापलीकडच्या दाबाला महाधमनीतील दाबाने भागायचे. अलीकडे १०० आणि पलीकडे ७५ असेल तर उत्तर ०.७५. या गुणोत्तराला एफएफआर म्हणतात. ते ०.८० किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा प्रवाहाला खरोखर बाधक मानतात. तारेचा थोडा अडसर येथेही असतोच; अडथळा जितका तीव्र तितका तोही जास्त. परंतु फार तीव्र अडथळ्यात निर्णय बहुधा आधीच स्पष्ट झालेला असतो.

या मोजमापाचा रुग्णाला काय लाभ? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेम’ या अभ्यासात अनेक धमन्यांत अडथळे असलेले १००५ रुग्ण होते. निम्म्यांना केवळ चित्र पाहून स्टेंट बसवले, निम्म्यांना एफएफआर मोजून. पहिल्या गटात प्रतिरुग्ण सरासरी २.७ स्टेंट लागले, दुसऱ्यात १.९. वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा शस्त्रक्रिया अथवा अँजिओप्लास्टी यांपैकी काही घडण्याचे प्रमाण पहिल्यात १८.३ टक्के, तर दुसऱ्यात १३.२ टक्के होते. कमी स्टेंट आणि अधिक चांगला परिणाम! चित्रात भयंकर दिसणारे काही अडथळे प्रवाहाच्या दृष्टीने निरुपद्रवी होते, हाच याचा अर्थ.

पुढची पायरी म्हणजे तार अजिबात न घालता हेच उत्तर गणिताने काढणे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील चार्ल्स टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून, सीटी स्कॅनच्या चित्रावरून रुग्णाच्या स्वतःच्या धमन्यांची संगणकीय प्रतिकृती करून एफएफआर काढण्याची पद्धत विकसित झाली. २०१४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या २५४ रुग्णांच्या एका अभ्यासात, तारेने मोजलेल्या उत्तराशी तिचा निर्णय ८१ टक्के रुग्णांत जुळला. दुसरी एक पद्धत सीटीऐवजी अँजिओग्राफीच्याच चित्रांवरून काही मिनिटांत उत्तर देते. तिला क्यूएफआर म्हणतात. चीनमधील सुमारे ३८०० रुग्णांच्या अभ्यासात, २०२१ साली, केवळ नजरेने निर्णय घेण्यापेक्षा ती सरस ठरली : वर्षभरातील दुर्घटना ८.८ टक्क्यांऐवजी ५.८ टक्के. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील २००० रुग्णांच्या अभ्यासात तिची तुलना प्रत्यक्ष तारेच्या मोजमापाशी झाली, तेव्हा ती उणी पडली : ६.७ टक्के विरुद्ध ४.२ टक्के. नजरेच्या अंदाजापेक्षा गणित बरे, पण चांगल्या प्रत्यक्ष मापाची जागा ते अद्याप पूर्णपणे घेऊ शकलेले नाही, असा या दोन्हींचा एकत्रित बोध आहे.

गणिताच्या मर्यादा

हे असे का व्हावे? समीकरणे चुकीची नाहीत. अडचण आहे ती त्यांना पुरवल्या जाणाऱ्या माहितीत. समजा अरुंद भाग खरोखर १.२ मिलिमीटरचा आहे आणि चित्रात तो १.३ वाचला गेला. दशांश मिलिमीटरचा फरक! पण चतुर्थ घातामुळे रोध तब्बल २७ टक्क्यांनी कमी निघतो. धमनीत चुना साठला असेल तर सीटीचे चित्र तेथेच पसरट होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढच्या सूक्ष्म वाहिन्या कोणत्याही चित्रात दिसत नाहीत. त्या किती सैल होतील हे संगणकाला गृहीत धरावे लागते. मधुमेही रुग्णात किंवा आधी झटका येऊन गेलेल्या हृदयात हे गृहीतक ढळू शकते. संगणक सुंदर रंगीत चित्र दाखवतो. परंतु त्या रंगांखाली काही गोष्टी मोजलेल्या असतात आणि काही मानलेल्या. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सर्वप्रथम हाच भेद शिकवतो.

आपण काय विचारावे?

भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये शासनाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. त्या वेळी साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधवेष्टित स्टेंटची २९,६०० रुपये ठरली; पुढे तिच्यात वेळोवेळी बदल झाले. किंमत उतरली ही समाधानाची बाब आहे. परंतु स्वस्त असो वा महाग, तो आवश्यक आहे का हा प्रश्न उरतोच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या ५१७९ रुग्णांच्या अभ्यासात, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांत केवळ औषधोपचारापेक्षा आरंभीच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यू वा झटका यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाले नाही. मात्र ज्यांना छातीत वारंवार दुखत होते त्यांना आराम अधिक मिळाला. त्यामुळे घाईने होकार आणि भीतीने नकार, दोन्ही टाळायला हवेत.

तपासणीपूर्वीच, शांतपणे, डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. पहिला : ही टक्केवारी व्यासाची की क्षेत्रफळाची, आणि ती नजरेने ठरवली की मोजून? दुसरा : हा अडथळा प्रवाहाला खरोखर अडवतो, हे दाब मोजून किंवा अन्य चाचणीने पाहिले आहे का? तिसरा : या रुग्णाला स्टेंटमुळे आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल? दोन्ही लाभ मोलाचे आहेत, पण ते वेगळे आहेत. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याचे काम सोपे होते. अंतिम निर्णय मात्र त्याच्या सल्ल्यानेच व्हावा, कारण आपल्या हाती आकडा असतो, त्याच्यासमोर संपूर्ण माणूस असतो.

जे मोजायचे ते मोजताना आपल्या हाताने काय बदलले याचा हिशेब ठेवणे, ही विज्ञानाची सचोटी आहे. धमनीत घातलेली केसासारखी तारसुद्धा आपला भाग जमेस धरायला लावते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तारेचा हिशेब मांडण्यासाठी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे वेचली, कारण त्या हिशेबाच्या टोकाला कोणाचा तरी पिता, कोणाची तरी माता असते.